‘थ्री बी’चा आक्षेप: नैतिकतेच्या मुद्द्यावर पेटंट अडतं तेव्हा

पेटंट ऑफिसचा पहिला परीक्षण अहवाल येतो. ऑफिसात सगळे त्याला एफईआर म्हणतात. त्यात नवीनता, इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकारालाही सहज न सुचणारी पायरी), क्लेमची (नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या वाक्यांची) ढिली भाषा असे नेहमीचे मुद्दे असतात आणि मध्येच एक ओळ येते: क्लेम १ ते ८ मधला विषय कलम ३(बी) मध्ये मोडतो, सबब पेटंट देता येत नाही. पुष्कळदा त्या एका ओळीपलीकडे काही स्पष्टीकरण नसतं. चार-पाच वर्षं राबून केलेल्या कामाला सरकार अनैतिक म्हणतंय, अशा समजुतीने संशोधक भडकतो आणि उत्तरात स्वतःच्या चारित्र्याची बाजू मांडायला लागतो. तिथेच गाडी घसरते.

पेटंट कायदा १९७० मधलं कलम ३(बी) तुमच्याबद्दल काही बोलत नाही. तुम्ही क्लेममध्ये मागितलेल्या गोष्टीचा मुख्य उपयोग काय, एवढंच ते विचारतं. या एका प्रश्नाचं उत्तर अर्ज लिहिताना, अहवालाला उत्तर देताना आणि दुसऱ्याच्या पेटंटला विरोध करतानाही कसं उभं करायचं, ते इथे क्रमाने पाहू.

आधी एक गैरसमज बाजूला सारतो. पेटंट आणि नैतिकता म्हटलं की मराठी माणसाला हटकून हळदीची लढाई आठवते. अमेरिकेने १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण ते पडलं नवीनतेच्या मुद्द्यावर. हळदीचा हा गुण आधीपासून ठाऊक आणि ग्रंथांत नोंदलेला होता, हे कागदांनी सिद्ध झालं. आजीबाईचा बटवा चोरणं वाईट, हे कुणी निकालात लिहिलं नाही. औषधांच्या किमतींचे वादही बहुतेक ३(डी)चे, म्हणजे जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला पेटंट द्यायचं का, याचे असतात. नैतिकतेचं कलम वेगळं आहे, त्याची व्याप्ती छोटी आहे, आणि चुकीच्या कलमावर भांडलात तर वेळ आणि फी दोन्ही पाण्यात जातात.

पायरी पहिली: कलम शब्दशः वाचा

आजचा मजकूर २००२ च्या दुरुस्तीतला आहे आणि तो २० मे २००३ पासून लागू आहे. मराठीत त्याचा आशय असा: ज्या शोधाचा मुख्य किंवा अभिप्रेत उपयोग, किंवा व्यापारी वापर, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या वा नीतिमत्तेच्या विरुद्ध असू शकतो, किंवा ज्यामुळे माणूस, प्राणी, वनस्पती यांच्या जिवाला अथवा आरोग्याला किंवा पर्यावरणाला गंभीर हानी पोहोचते, तो कायद्याच्या दृष्टीने ‘शोध’ नव्हे.

यात तीन वेगळे दरवाजे आहेत: सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि गंभीर हानी. पहिल्या दोघांसाठी ‘विरुद्ध असू शकतो’ एवढी सैल भाषा आहे. तिसऱ्यासाठी मात्र हानी ‘पोहोचते’ असं म्हटलंय, तीही ‘गंभीर’. म्हणून अहवाल हातात आला की पेन्सिल घेऊन समासात आधी हे लिहा: परीक्षकाने यांपैकी कोणता दरवाजा लावलाय? त्याने सांगितलं नसेल तर तुमच्या उत्तराचा पहिला मुद्दा तोच.

मूळ १९७० च्या कलमात ‘कायद्याच्या किंवा नीतिमत्तेच्या विरुद्ध’ असे शब्द होते. त्यातला ‘कायदा’ आज नाही, आणि तो चुकून गळलेला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातलं कलम २७(२) देशांना सुव्यवस्था आणि नीतिमत्तेच्या कारणावरून पेटंट नाकारू देतं, पण एका अटीवर: त्या वस्तूचा वापर आपल्या कायद्याने बंद आहे, एवढंच कारण चालणार नाही. बंदी आणि अनैतिकता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. हा मुद्दा पुढे सुनावणीत कामाला येतो, खुणेचं पान म्हणून लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: मुख्य उपयोग एका वाक्यात लिहून काढा

पेटंट ऑफिसच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये ३(बी) खाली येणाऱ्या गोष्टींची उदाहरणं आहेत: चोरी-घरफोडीचं साधन, खोट्या नोटा छापण्याचं यंत्र किंवा पद्धत, जुगाराचं उपकरण, अन्नात भेसळ करण्याची रीत. यादी वाचली की सूत्र दिसतं. यातल्या प्रत्येक वस्तूचा वाईट उपयोग सोडला तर मागे काही उरतच नाही.

उलट बाजूही तिथेच आहे. कीटकनाशक विषच असतं, तरी त्याला पेटंट मिळू शकतं, कारण त्याचा हेतू पीक वाचवण्याचा असतो. युरोपियन पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शिकेत कुलूपबंद तिजोरी फोडण्याच्या पद्धतीचं उदाहरण आहे. घरफोड्याने वापरली तर ती आक्षेपार्ह, किल्लीवाल्याने अडचणीच्या वेळी वापरली तर नाही; म्हणजे ती पेटंटला अपात्र नाही. पण अर्जात वाईट उपयोगाचा स्पष्ट उल्लेख असेल, तर तो काढून टाकावा लागतो. त्याच मार्गदर्शिकेत माणसांविरुद्धचे भूसुरुंग मात्र सरळ बाहेर ठेवले आहेत, कारण त्यांना दुसरी बाजूच नाही.

तेव्हा कागदावर एक वाक्य लिहा: ‘ही वस्तू घेणाऱ्या शंभरातली नव्वद माणसं हिचं काय करतील?’ उत्तर प्रामाणिकपणे लिहा. ते तुमच्यापुरतंच आहे. उत्तर सभ्य असेल तर अर्ज त्या उत्तराभोवती बांधा. उत्तर लिहिताना पेन अडखळत असेल, तर पेटंट एजंटाची फी भरण्याआधी थांबलेलं बरं.

पायरी तिसरी: स्पेसिफिकेशन (अर्जातलं शोधाचं वर्णन आणि क्लेम) लिहितानाच आक्षेपाची जागा बुजवा

समजा, दोडामार्गाकडचा एक बागायतदार आहे. रानडुकरांनी केळीची बाग उपटून टाकली, म्हणून त्याने बॅटरीवर चालणारं कुंपण बनवलं. त्याची युक्ती खरंच चांगली आहे. तारेला काही टेकलं की क्षणभराचा झटका बसतो, मग सुमारे सेकंदभर विश्रांती, मग पुन्हा झटका. आणि काही तारेला चिकटूनच राहिलं तर सर्किट आपोआप तुटतं. जनावर दचकून पळतं, मरत नाही. घरच्या मीटरवरून थेट तार ओढण्याच्या बेकायदा आणि जीवघेण्या प्रकाराला हा धडधडीत पर्याय आहे.

आता त्याच्या मसुद्याची सुरुवात पाहा. अशी सुरुवात कुणीही करू शकतो:

‘सदर यंत्र हे वन्य प्राण्यांचा समूळ नायनाट करणारे विद्युत कुंपण असून, त्यास स्पर्श करताच रानडुक्कर जागीच गतप्राण होते.’

यंत्र मारत नाही, पण कागद मारतोय. रागाच्या भरात, किंवा यंत्र जोरदार वाटावं म्हणून, माणूस असं लिहून जातो. परीक्षकाकडे यंत्र नसतं, कागद असतो. ‘गतप्राण’ हा शब्द दिसताच प्राण्याच्या जिवाला गंभीर हानी हा तिसरा दरवाजा लागला.

तीच गोष्ट अशी लिहिता येते:

‘शेताच्या हद्दीवर आलेल्या जनावराला इजा न करता परतवणारे कुंपण, ज्यामध्ये: (क) ठरावीक अंतराने अल्पकाळ विद्युत झटका देणारा नियंत्रक, (ख) दोन झटक्यांमधील किमान विराम राखणारे टायमर सर्किट, आणि (ग) तारेशी संपर्क ठरावीक वेळेपेक्षा अधिक टिकल्यास पुरवठा खंडित करणारा स्विच.’

यात बदललेले शब्द गोड आहेत म्हणून फरक पडला असं नाही. (ख) आणि (ग) हे घटक क्लेमच्या आत आले, म्हणून फरक पडला. सुरक्षितता प्रस्तावनेत गायलेली आणि क्लेममध्ये नसलेली असेल, तर तिचा उपयोग नाही. ज्या घटकामुळे वस्तू निरुपद्रवी होते, तो घटक क्लेममध्ये बांधा. वर्णनात त्याचे आकडेही द्या: झटका किती वेळाचा, विराम किती, ऊर्जा किती, मोजलं कसं.

हे सगळं पहिल्याच दिवशी करावं लागतं. नंतर सुधारू म्हटलं तर कलम ५९ आडवं येतं. अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर घुसवता येत नाही आणि सुधारलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेतच राहावा लागतो. स्विचचा उल्लेख मूळ कागदात कुठेच नसेल, तर दोन वर्षांनी तो आठवून फायदा नाही. (जाता जाता: अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच चालतो, मराठीत नाही. वरचे दोन्ही मसुदे समजण्यापुरते मराठीत दिलेत. भाषांतर करून घेताना ‘परतवणारे’ या शब्दाचं पुन्हा ‘मारणारे’ होत नाही ना, हे स्वतः वाचून पाहा.)

शब्दांची ही कसरत सत्य झाकण्यासाठी करायची नाही. कुंपण खरोखर मारत असेल, तर ‘परतवणारे’ म्हणून सुटका होत नाही. ते पुढच्याच पायरीत दिसतं.

पायरी चौथी: जीवशास्त्राचा शोध असेल तर वस्तू कुठून आली ते सांगा

यंत्राच्या बाबतीत पुढे काय होईल ते विचारतात. जैवतंत्रज्ञानात मागे काय झालं तेही विचारतात. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतून येणाऱ्या अर्जांना हा भाग जास्त लागू आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पेटंट ऑफिसच्या २०१३ च्या जैवतंत्रज्ञान मार्गदर्शिकेत ३(बी)ची उदाहरणं स्पष्ट आहेत. माणसाचं किंवा प्राण्याचं क्लोनिंग, माणसाच्या जननपेशींत बदल, मानवी भ्रूणाचा व्यापारी वापर, पर्यावरणाला बाधक ठरू शकणारे घटक असलेलं बियाणं, आणि वैद्यकीय वा अन्य भरीव लाभ नसताना प्राण्याला यातना देणारे जनुकीय बदल.

यातलं शेवटचं उदाहरण एका उंदराने घडवलं. हार्वर्डच्या फिलिप लेडर आणि टिमथी स्टुअर्ट यांनी कर्करोगाकडे झुकणारा उंदीर तयार केला. अमेरिकेने १९८८ मध्ये त्याला पेटंट दिलं. युरोपात १९८९ मध्ये अर्ज फेटाळला गेला, अपिलात परत आला, १९९२ मध्ये पेटंट मिळालं, मग विरोधकांची रांग लागली, आणि २००४ मध्ये प्रकरण संपलं तेव्हा मूळ क्लेममधल्या ‘माणूस सोडून सर्व सस्तन प्राणी’ यांचे फक्त उंदीर उरले होते. तिथे वापरलेली कसोटी तराजूची होती: एका पारड्यात प्राण्याच्या यातना, दुसऱ्यात माणसाला होणारा वैद्यकीय लाभ. कर्करोगाच्या संशोधनाचं पारडं जड ठरलं. त्याच काळात अपजॉन कंपनीचा केसगळतीच्या आणि लोकरीच्या संशोधनासाठीचा उंदीर मात्र त्याच तराजूत हलका पडला. टक्कल ही वेदना आहे, हे काहींना पटेल; युरोपियन पेटंट ऑफिसला पटलं नाही.

यातून दोन कामं निघतात. पहिलं: क्लेममध्ये जेवढे प्राणी, तेवढ्या प्रत्येकाचा लाभ दाखवता आला पाहिजे. प्रयोग उंदरावर केला असेल तर क्लेममध्ये हत्ती घालू नका. दुसरं: लाभ वर्णनात नेमक्या आजाराच्या नावासकट लिहा, ‘मानवजातीस उपयुक्त’ या शब्दाला तराजूत वजन नाही.

(कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हाच उंदीर ५ विरुद्ध ४ मतांनी नाकारला, पण तो निकाल कायद्यातल्या व्याख्येत उच्च श्रेणीचा प्राणी बसतो का, यावर आहे. नैतिकतेचा निकाल म्हणून तो उद्धृत करू नका. समोरचा वकील तिथेच पकडेल.)

संमतीचा धडा रिलॅक्सिनचा. ऑस्ट्रेलियातल्या हॉवर्ड फ्लोरी इन्स्टिट्यूटने हे मानवी संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकाचं युरोपियन पेटंट घेतलं. त्यासाठी लागलेल्या ऊती गर्भवती स्त्रियांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतल्या होत्या. युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाने विरोध केला: ही आधुनिक गुलामगिरी आहे, स्त्रीदेहाचे तुकडे विकले जात आहेत. १९९४ च्या निर्णयात हे म्हणणं टिकलं नाही. ऊती संमतीने, आवश्यक उपचाराच्या ओघात मिळाल्या होत्या आणि जनुकावरचं पेटंट म्हणजे माणसावरची मालकी नव्हे, असं ठरलं; २००२ मध्ये अपिलातही पेटंट टिकलं. तुमच्याकडे मानवी नमुने असतील तर नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि संमतीपत्राचा नमुना फाइलमध्ये आजच ठेवा. तीन वर्षांनी सुनावणीच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कुणी शोधून देत नाही.

आणि शब्दांच्या कसरतीचा शेवट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या प्रकरणात झाला. जेम्स थॉमसन यांच्या भ्रूण मूलपेशींच्या अर्जात भ्रूण नष्ट करण्याचा क्लेमच नव्हता. क्लेम पेशींचा होता. युरोपियन पेटंट ऑफिसच्या विस्तारित अपील मंडळाने २५ नोव्हेंबर २००८ रोजी सांगितलं: अर्जाच्या दिवशी ही वस्तू मिळवण्याचा एकमेव मार्ग भ्रूण नष्ट करण्याचा होता ना, मग क्लेममध्ये तो शब्द असो वा नसो, पेटंट नाही. नंतर दुसरा मार्ग सापडला तरी उपयोग नाही. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने ऑलिव्हर ब्रूस्टल यांच्या जर्मन पेटंटच्या प्रकरणात हीच रेघ आणखी ठळक केली. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने एक खिडकी उघडली: ज्या अफलित बीजापासून मूल होण्याची अंगभूत क्षमताच नाही, ते भ्रूण नव्हे.

हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत, पण परीक्षकही वाचतात आणि वकीलही. तुमचा शोध भ्रूणाशिवाय होत असेल, तर पेशी कुठल्या, कुठल्या बँकेतून, कोणत्या पद्धतीने, हे अर्जाच्या दिवशीच लिहा.

पायरी पाचवी: अहवालाला उत्तर आणि सुनावणी

एफईआरच्या तारखेपासून उत्तराला सहा महिने मिळतात. फी भरून आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. ३(बी)चं उत्तर साधारण या क्रमाने लिहितात. आधी परीक्षकाने कोणता दरवाजा लावला ते नोंदवा, किंवा लावलाच नाही हे नोंदवा. मग मुख्य उपयोगाचं ते एक वाक्य, स्पेसिफिकेशनच्या पान-परिच्छेदासह. मग आवश्यक असेल तर मर्यादित केलेला क्लेम. मग पुरावा: चाचणीचे आकडे, प्रमाणपत्र, तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र. इतर देशांत पेटंट मिळालं असेल तर शेवटी एका ओळीत सांगा, त्यावर इमारत बांधू नका. नीतिमत्ता देशागणिक वेगळी, हे उत्तर तयारच असतं.

नीतिमत्तेचा दरवाजा कुठवर ताणला जाऊ शकतो, याचं उदाहरण २०१८ मधलं आहे. कॅनडाच्या स्टँडर्ड इनोव्हेशन कॉर्पोरेशनचा जोडप्यांसाठीच्या व्हायब्रेटरचा अर्ज भारतीय पेटंट ऑफिसने ३(बी) खाली फेटाळला. अशा वस्तू अश्लील समजल्या जातात, असं कारण देऊन दंडसंहितेच्या कलम २९२ चा आधार घेतला. माझ्या मते तो आदेश कच्चा होता: लोकांना काय वाटतं हे लोकांना न विचारताच गृहीत धरलं. पुढे मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बॉडी मसाजरच्या आयातीचं प्रकरण आलं. हे मसाजर दुसऱ्या कारणासाठी वापरले जाऊ शकतात म्हणून कस्टम्सने ते अश्लील ठरवून जप्त केले होते. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही; आयुक्तांच्या कल्पनाशक्तीवर अश्लीलता ठरत नाही, असा त्याचा सूर होता. निकाल कस्टम्सचा आहे, पेटंटचा नाही, पण शक्य उपयोग आणि मुख्य उपयोग यांतला फरक दाखवायला तो हाताशी असावा.

आता पहिल्या पायरीतलं खुणेचं पान उघडा. आयटीसीचा अर्ज तापवून एरोसोल तयार करणाऱ्या हीटरचा होता. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आरोग्याला धोका आहे, अशा कारणांनी तो ३(बी) खाली नाकारला गेला. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरविचाराला पाठवलं. दोन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पेटंट मिळणं म्हणजे वस्तू विकायचा परवाना मिळणं नव्हे. दुसऱ्याला रोखण्याचा तो हक्क आहे. आणि ज्या कागदांवर नकार बेतला, ते अर्जदाराला आधी दाखवायला हवे होते. तुमच्या सुनावणीत परीक्षकाने ऐन वेळी एखादा अहवाल काढला, तर नम्रपणे ‘त्याची प्रत मिळावी आणि उत्तराला वेळ मिळावा’ असं म्हणा, आणि हे म्हटल्याचं लेखी निवेदनात नोंदवा. ते निवेदन सुनावणीनंतर पंधरा दिवसांत द्यायचं असतं. सुनावणी हल्ली व्हिडिओवर होते. तिथे बोललेलं हवेत जातं, कागदावरचं अपिलात चालतं.

अमेरिकी निकालांचा मोह आवरा. तिथे १८१७ मध्ये न्यायाधीश जोसेफ स्टोरी यांनी एका पंपाच्या खटल्यात, लोकांना विष घालण्याचे किंवा दुराचाराला चालना देणारे शोध पेटंटला अपात्र, असं म्हणून ठेवलं होतं. जुगाराची यंत्रं त्या आधारे बरीच वर्षं अडली. १९९९ मध्ये मात्र सरबताच्या यंत्राचा खटला आला. वरच्या पारदर्शक भांड्यात रंगीत सरबत उसळत असतं, गिऱ्हाइकाला वाटतं आपला पेला त्यातूनच भरतोय, आणि प्रत्यक्षात सिरप आणि पाणी खालून कुठून तरी मिसळून येतं. फसवाफसवीच, पण न्यायालयाने पेटंट टिकवलं: गिऱ्हाइकाची फसवणूक रोखायला दुसरी खाती आहेत. त्यानंतर तिथे हा सिद्धांत जवळपास निवृत्त झाला; २०११ च्या कायद्याने मानवी जिवावरचं पेटंट तेवढं बंद केलं. आपल्याकडे कलम लेखी आहे, त्यामुळे हा सरबताचा पेला मुंबईच्या सुनावणीत फारसा चालत नाही.

फेटाळलंच तर कलम १५ खालचा आदेश येतो. आदेशात उघड चूक असेल तर एका महिन्यात फेरविचाराचा अर्ज करता येतो. नाहीतर तीन महिन्यांत कलम ११७ए खाली उच्च न्यायालयात अपील. आयपीएबी हे अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं, तेव्हापासून हाच रस्ता. मुंबई पेटंट ऑफिसचा आदेश असेल, तर मुंबई उच्च न्यायालय.

दुसऱ्या बाजूने: तुम्हालाच कुणाचं पेटंट अडवायचं असेल तर

शेतकरी संघटना, रुग्णगट, प्राणिमित्र यांच्यासाठी हा भाग. कंपनी असायची किंवा शोधाशी धंद्याचा संबंध असायची गरज नाही. पेटंट मिळण्याआधी कलम २५(१) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतं. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये दिसतो, आणि प्रसिद्धीनंतर सहा महिने उलटल्याशिवाय पेटंट देता येत नाही. फॉर्म ७ए भरायचा, आधार म्हणून पोटकलम (एफ) म्हणजे ‘हा कायद्याने शोधच नाही’ हा मुद्दा घ्यायचा. २०२४ च्या नियमांपासून याला फी लागते आणि विरोध प्रथमदर्शनी टिकणारा आहे का, हे कंट्रोलर (अर्जावर निर्णय देणारा पेटंट ऑफिसचा अधिकारी) आधी तपासतो. म्हणून दोन पानी निषेधाचं पत्र पाठवून भागत नाही. पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम २५(२) खाली विरोध करता येतो, पण तेव्हा तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो. त्यानंतर उरतं कलम ६४, म्हणजे उच्च न्यायालयात रद्द करण्याची मागणी.

सह्यांची मोहीम जोडायचा मोह प्रत्येकाला होतो. १९९५ मध्ये प्लांट जेनेटिक सिस्टिम्सच्या तणनाशक सोसणाऱ्या वनस्पतींच्या पेटंटविरुद्ध ग्रीनपीसने जनमत चाचण्या पुढे ठेवल्या होत्या. युरोपियन अपील मंडळाने त्या बाजूला ठेवल्या: जनमत बदलतं, नीतिमत्ता ही समाजात खोलवर रुजलेल्या मान्य मूल्यांवरून ठरते, आणि पर्यावरणाला धोका आहे म्हणणाऱ्याने तो पुराव्याने सिद्ध करावा. विरोध करणाऱ्यासाठी तो निकाल म्हणजे थंड पाणी आहे, पण उपयोगी. नीतिमत्तेऐवजी तिसरा दरवाजा, गंभीर हानी, जिथे जमेल तिथे तो धरा, आणि कृषी विद्यापीठातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र आणा.

टर्मिनेटर बियाण्याला, म्हणजे ज्याच्या पिकातलं बी पुन्हा पेरलं तर उगवत नाही अशा बियाण्याला, विरोध करणाऱ्यांकडे आणखी एक दोर आहे. डेल्टा अँड पाइन लँड आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना १९९८ मध्ये त्या तंत्राचं अमेरिकी पेटंट मिळाल्यावर आपल्याकडे ओरड झाली, आणि २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात असं तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच बंद झाली. विरोधात दोन्ही कायदे एकत्र मांडले की बाजू भक्कम होते.

केंद्र सरकारकडे कलम ६६ हेही आहे: लोकहिताला बाधक वाटलं तर पेटंट रद्द. ते क्वचित उपसलं जातं. ऑक्टोबर २०१२ मध्ये बंगळूरच्या अवेस्थाजेनचं जांभूळ, लवंगपत्ता आणि चंदन यांच्या मधुमेहावरच्या मिश्रणाचं पेटंट असंच रद्द झालं. सामान्य माणूस तिथे निवेदन देऊ शकतो, दावा करू शकत नाही.

बाहेरच्या देशांत जायचं असेल तर

भारतात राहणाऱ्याने परदेशात थेट अर्ज करण्याआधी कलम ३९ पाहावं: आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, किंवा परवानगी घ्या. युरोपात कलम ५३(ए) नीतिमत्तेचं आहे, आणि वर सांगितलेले उंदीर, भ्रूण, संमती हे सगळं तिथे बंधनकारक आहे. म्हणून अर्ज युरोपच्या मापाने लिहिला तर भारतात सहसा कमी पडत नाही. अमेरिकेसाठी नैतिकतेची फारशी तयारी लागत नाही, तिथे भांडण दुसऱ्या कलमांवर होतं.

दोडामार्गचा बागायतदार राहिला. त्याच्या क्लेममध्ये टायमर आणि स्विच आहेत, वर्णनात झटक्याचे आकडे आहेत, आणि ‘गतप्राण’ कुठेच नाही. पेटंट हातात आलं तरी कुंपण बागेला लावायच्या आधी त्याला विजेच्या आणि वन्यजीवांच्या नियमांत ते बसतं का, हे वेगळं विचारायला जावं लागेल. त्या खिडकीवर पेटंटचा कागद दाखवून काही होत नाही, तेव्हा तो घरी ठेवला तरी चालेल. चाचणीचे आकडे मात्र सोबत न्यावेत.